मसाल्याच्या पुडीसाठी फॉन्ट निवडताना: देवनागरी टाइपफेसचे प्रकार कसे ओळखायचे आणि कुठे काय वापरायचं

शेजारच्या काकूंचा कांदा लसूण मसाला गेली चार-पाच वर्षं ओळखीपाळखीत साध्या पिशवीतून, वर रबर लावून जात होता. यंदा त्यांनी ठरवलं की नीट पाऊच करायचा, लेबल छापायचं, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. मजकूर व्हॉट्सॲपवर आला आणि त्याखाली एक ओळ: "फॉन्ट जरा चांगला टाक."

आता "जरा चांगला" म्हणजे कशाला चांगला? दुकानात पाच फुटांवरून दिसायला चांगला, की चष्मा लावून घटक वाचायला चांगला? हे दोन वेगळे फॉन्ट असतात, आणि बऱ्याच वेळा एकदम विरुद्ध स्वभावाचे असतात. डिझाइन शिकताना सगळ्यांना तो ठराविक तक्ता शिकवतात, सेरिफ, सान्स, स्क्रिप्ट, डिस्प्ले वगैरे, पण तो तक्ता इंग्रजी अक्षरांसाठी बनलेला आहे आणि मराठी कामावर तो जसाच्या तसा लावला की गोंधळ होतो. म्हणून हा लेख त्या एका लेबलच्या निमित्ताने, मी काम करतो त्याच क्रमाने लिहितोय. लग्नपत्रिका असो, दिवाळी अंक असो की ॲपची स्क्रीन, क्रम तोच राहतो.

(टाइपफेस म्हणजे अक्षरांचं डिझाइन आणि फॉन्ट म्हणजे त्याची फाइल, हा फरक मला माहीत आहे, पण आपल्याकडे प्रेसवाल्यापासून क्लायंटपर्यंत सगळे फॉन्टच म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

पायरी १: फॉन्टची यादी बंद ठेवा, आधी मजकूर वाचा

कागद घ्या आणि मजकुराचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा की तो कोण वाचणार, किती अंतरावरून वाचणार आणि किती वेळ वाचणार. काकूंच्या लेबलवर असं निघालं:

मोठं नाव, "कांदा लसूण मसाला". रॅकवर दहा पुड्यांत उठून दिसलं पाहिजे, वाचायला एक सेकंद.

छोटी ओळ, "पाट्यावर वाटल्यासारखी चव". ही हातात घेतल्यावर वाचतात.

घटक, पत्ता, साठवणुकीची सूचना. बारीक अक्षर, पण ज्याला वाचायचंय तो खरंच वाचतो, उदाहरणार्थ तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस.

इंग्रजी मजकूर. काकूंना सगळं मराठीतच हवं होतं, पण खाद्यपदार्थांच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत देवनागरीतून द्यावी लागते, मराठी त्याच्या जोडीला देता येते. म्हणजे काम दोन लिप्यांचं झालं, आणि हे जर पहिल्याच दिवशी कळलं नाही तर अर्धं डिझाइन झाल्यावर त्या इंग्रजी मजकुराला जागा शोधत बसावं लागतं.

बॅच नंबर, तारीख. हे नंतर कोडिंग मशीनने छापतात, तिथे फक्त पांढरी जागा सोडायची, फॉन्टचा विचारच करायचा नाही.

हे झालं की तुम्हाला एक फॉन्ट नको असतो, दोन हवे असतात, फार तर तीन. तीनच्या पुढे गेलात तर लेबल कमी आणि आठवडी बाजार जास्त दिसायला लागतं.

पायरी २: इंग्रजी प्रकार, चहा पिता पिता

यावर फार वेळ घालवत नाही कारण याबद्दल ढिगाने लिहिलेलं मिळतं. अक्षराच्या टोकांना छोटे पाय असले की सेरिफ. त्यातही पेनाच्या वळणाचे जुने (सोळाव्या शतकातल्या गॅरामाँडच्या कुळातले), जाड-बारीकचा टोकाचा फरक असलेले (बोडोनीसारखे, फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर असतात ते) आणि ठोकळ्यासारखे चौकोनी पाय असलेले, ज्यांना स्लॅब म्हणतात. पाय नसले की सान्स. छापील नमुन्यात सान्स पहिल्यांदा १८१६ मध्ये लंडनच्या कॅसलॉन फाउंड्रीने दाखवला. सान्समध्ये तीन स्वभाव लक्षात ठेवा: तटस्थ, म्हणजे हेल्व्हेटिका (१९५७); कंपास-पट्टीने काढल्यासारखा, म्हणजे फ्युचुरा (१९२७); आणि हाताच्या वळणाची आठवण ठेवणारा, म्हणजे गिल सान्स (१९२८). मग हस्ताक्षरासारखे, सजावटीचे, आणि कोड लिहायला वापरतात ते सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असलेले.

बास. एवढ्यावर तुम्ही इंग्रजी बाजू सांभाळू शकता.

पायरी ३: हा तक्ता देवनागरीवर का बसत नाही

इंग्रजीत सेरिफ म्हणजे रेघेच्या टोकाला असलेली गोष्ट. देवनागरीत बहुतेक अक्षरांची वरची टोकं शिरोरेषेत जाऊन मिळतात, तिथे पाय कुठे लावणार? त्यामुळे एखाद्या देवनागरी फॉन्टच्या नावात सेरिफ असं असतं तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की यात रेघ जाड-बारीक होते आणि इंग्रजी सेरिफच्या शेजारी ती शोभते.

आणि ही जाड-बारीक रेघसुद्धा इंग्रजीच्या उलटी पडते. हे वाचून कळत नाही, करून बघा. स्टेशनरीच्या दुकानात देवनागरी सुलेखनाचा कट निब मिळतो, नाहीतर बोरू घ्या. देवनागरीसाठी बोरूचं टोक इंग्रजी पेनाच्या उलट तिरकं कापतात. त्याने ठ काढा. ठ च्या गोलात वर डावीकडे आणि खाली उजवीकडे रेघ जाड पडेल, आणि वर उजवीकडे, खाली डावीकडे बारीक. आता इंग्रजी पेनाने काढलेला जुन्या वळणाचा ओ बघा, नेमकं उलटं. त्यामुळे जिथे डिझायनरने इंग्रजी अक्षराचा जाडपणा उचलून देवनागरीवर चिकटवलाय तिथे अक्षर विचित्र वाटतं, का ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही, पण बूट उलटे घातल्यासारखं काहीतरी खुपत राहतं.

एकदा हे डोळ्याला कळलं की फॉन्ट बघताना पहिला प्रश्न आपोआप तयार होतो: हे अक्षर कुठल्या हत्याराने काढल्यासारखं दिसतंय? माझी सगळी विभागणी याच प्रश्नावर उभी आहे.

पायरी ४: देवनागरीचे पाच ढीग

ही काही शास्त्रीय विभागणी नाही. माझ्या कॉम्प्युटरवर फॉन्टचे पाच फोल्डर आहेत, ते असे.

पहिला ढीग बोरूचा. शिरोरेषा ठसठशीत, काना जाड, आणि जिथे वळण कान्याला जाऊन मिळतं तिथे रेघ बारीक होते. आपल्या आजोबांच्या पोथ्या, पंचांगं, संस्कृतची पुस्तकं या वळणात असायची. मुंबईत जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकात निर्णयसागर छापखाना आणि टाइप फाउंड्री उभी केली, आणि त्या टाइपचं वळण इतकं रुजलं की आजही "पुस्तकी अक्षर" म्हटलं की डोळ्यासमोर साधारण तेच येतं. आजच्या युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तसाच वाचता येणाऱ्या मजकुराच्या पद्धतीत) हवं असेल तर राज्य मराठी विकास संस्था आणि आयआयटी मुंबईच्या कामातून आलेला यशोमुद्रा बघा, तिरो देवनागरी मराठी बघा, मार्टेल बघा, आणि जरा रांगडा हवा असेल तर एक्झार. लांब वाचायचा मजकूर, कथा, दिवाळी अंक, परंपरेचा सूर पाहिजे तिथे हा ढीग उघडायचा. यातला रोझा वन मात्र वेगळा काढून ठेवा, जाड-बारीकचा फरक त्यात इतका टोकाचा आहे की मोठ्या मथळ्यालाच तो शोभतो, बारीक आकारात त्याच्या बारीक रेघा उडतात.

दुसरा ढीग एकसारख्या रेघेचा. स्केचपेनने काढल्यासारखी, सगळीकडे जवळपास सारखी जाडी. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी, पॉपिन्स. वरवर बघता सगळे भाऊ वाटतात पण आहेत चुलत. पॉपिन्स भौमितिक आहे, गोल म्हणजे गोलच, तो मोठ्या आकारात आणि कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये छान दिसतो. मुक्ता आणि हिंदमध्ये अक्षराच्या पोटातली जागा मोकळी आहे, त्यामुळे बारीक आकारात तेच टिकतात. हा फरक बघायचा असेल तर तिन्ही फॉन्टमध्ये "क्ष ज्ञ श्री छ झ" लिहा, सहा पॉइंटला प्रिंट काढा आणि हात लांब करून वाचा. कुठला पहिला मिटतो ते लगेच कळतं. मोबाईल ॲप, फॉर्म, घटकांची यादी, औषधाची सूचना, हे सगळं या ढिगातून.

इथेच मंगलबद्दल एक वाक्य. र. कृ. जोशींनी केलेला हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी गेला, कॉम्प्युटरवर मराठी दिसायला लागलं त्यात त्याचा मोठा वाटा आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवताना जरा जपून. पण तो त्या काळच्या स्क्रीनसाठी होता, म्हणून छापील पाऊचवर मी तो टाकत नाही.

तिसरा ढीग दाटीवाटीचा. कमी रुंदीत जास्त अक्षरं. खंड, टेको, राजधानी, प्रगती नॅरो. बातमीची पट्टी, क्रिकेटचा स्कोअर, नाटकाच्या जाहिरातीतली नावं, जिथे जागा कमी आणि मजकूर हट्टी. याने लांब परिच्छेद लावू नका, वाचणारा धापा टाकेल.

चौथा ढीग हाताचा. यात यात्रा वन येतो, जो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला. कलमसारखे हस्ताक्षराचे फॉन्ट येतात. हा ढीग सगळ्यांना आवडतो, आणि "घरगुती" हा शब्द क्लायंटच्या तोंडून आला की माणूस डोळे मिटून इकडेच वळतो. पण यात एक गोची आहे. अक्षररचनाकार कमल शेडग्यांनी नाटकांसाठी केलेली नावं आठवा, तिथे प्रत्येक अक्षर त्या शब्दासाठी काढलेलं असायचं. फॉन्टमध्ये तसं नसतं. "कांदा लसूण मसाला" मध्ये ल दोनदा आहे आणि स दोनदा आहे, हस्ताक्षराच्या फॉन्टमध्ये दोन्ही ल अगदी शिक्का मारल्यासारखे सारखे येतात, आणि डोळा लगेच ओळखतो की हे हाताने लिहिलेलं नाही, मशीनने लिहिलेलं आहे आणि वर हाताने लिहिल्याचा आव आणतंय. त्यामुळे छोट्या ओळीला चालेल, मुख्य नावाला शक्यतो नको, किंवा मग सुलेखन करणाऱ्या माणसाला पैसे देऊन नाव लिहून घ्या. तीन शब्दांसाठी तो खर्च अंगावर येत नाही आणि पुडी दहा वर्षं चालते.

पाचवा ढीग जाड आणि सजावटीचा. बालू म्हणजे गुबगुबीत गोल टोकांचा, मोदक नावाप्रमाणेच इतका जाड की अक्षराच्या पोटात फक्त फट उरते, आणि जैनी हा जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या वळणावरून आलेला. हे एका शब्दाचे फॉन्ट आहेत. फार तर दोन.

पायरी ५: मराठीची परीक्षा

आता जे दोन-तीन फॉन्ट हाताशी आलेत त्यांना परीक्षेला बसवायचं. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून होतात आणि मराठीत येऊन अडखळतात. मी ही ओळ टाकतो:

"कऱ्हाडच्या दुसऱ्या दुकानात लाल शेंगा, ॲपवर श्रीखंड, खोबरं, खसखस, चक्रीफूल, जायपत्री, निव्वळ वजन ५८९ ग्रॅम, गडहिंग्लज, कोल्हापूर, ₹"

आणि मग हे बघतो.

ल आणि श. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, शाळेत आपण तसेच गिरवले. हिंदी वळणात ल ला उजवीकडे सरळ दंड असतो आणि श ला वर गाठ. राज्य सरकारच्या लिपीविषयीच्या शासन निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलाय. तिरो देवनागरी मराठी तर नावातच मराठी आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. काही फॉन्टच्या पोटात दोन्ही रूपं असतात पण भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. नोटो सान्स देवनागरी तसा आहे. वेबसाइट असेल तर पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून मराठीचा "एमआर" हा कोड लिहायचा, पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये असाल तर मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी करून बघा, नाहीतर ग्लिफ्सचं पॅनेल उघडून ते अक्षर हाताने उचला. दंडाचा ल वाचता येत नाही असं अजिबात नाही, पण कोल्हापूरच्या मसाल्यावर "मसाला" हिंदी वळणात आला की पुडी परगावची वाटते.

ऱ्य आणि ऱ्ह. दुसऱ्या, कऱ्हाड, तऱ्हा. हा पापणीसारखा वाकडा र मराठीची खास गरज आहे. तो जर फुटून र च्या खाली पाय मोडलेला दिसला किंवा त्याचा रफार झाला, तर तो फॉन्ट (किंवा तुमचं सॉफ्टवेअर) मराठी कामाला बाद.

ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ₹ तर २०१० मध्ये आलं, तिथेही तेच. किंमत छापायच्या लेबलवर रुपयाचं चिन्ह दुसऱ्याच फॉन्टमधून आलेलं लगेच ओळखू येतं.

ख. "खोबरं" चं "रवोबरं" होतंय का? चांगल्या फॉन्टमध्ये ख चा खालचा भाग जोडलेला असतो, पण काही सजावटीच्या वळणांत र आणि व सुटे पडतात. हसू नका, मी एका पत्रिकेत "खास निमंत्रण" असं लिहिलं होतं आणि मुलाच्या आत्याने ते खणखणीत आवाजात "रवास निमंत्रण" असं वाचून दाखवलं होतं.

हिं. गडहिंग्लजमधल्या वेलांटीची कमान आणि अनुस्वाराचा ठिपका एकमेकांवर चढतायत का? आणि "निव्वळ" मधला व्व, "कोल्हापूर" मधला ल्ह, "चक्रीफूल" मधला क्र नीट जुळतोय का? ल्ह मध्ये अर्धा ल पण पाकळीचाच हवा, पूर्ण ल पाकळीचा आणि अर्धा दंडाचा असे नमुने मी पाहिलेत.

या परीक्षेत नापास झालेला फॉन्ट कितीही देखणा असो, सोडून द्या. मनाला लागतं, पण सोडा.

पायरी ६: आकार आणि ओळींमधलं अंतर

देवनागरी तीन मजली आहे. वर मात्रा-वेलांट्या-रफार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीला जेवढी ओळींमधली जागा पुरते तेवढी इथे पुरत नाही, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आठ पॉइंटचा मजकूर असेल तर मी ओळीची उंची बारा ते तेरा पॉइंट ठेवतो. वेबवर दीडपटीच्या खाली जात नाही.

तीन मजल्यांमुळे दुसरी गोष्ट अशी की एकाच पॉइंट साइजला देवनागरी इंग्रजीपेक्षा लहान दिसते. इंग्रजी दहा असेल तर मराठी अकरा किंवा साडेअकरा करून, दोन्ही शेजारी ठेवून, डोळे किलकिले करून बघा. आकडे सारखे दिसले पाहिजेत हा हट्ट सोडा, वजन, म्हणजे अक्षराचा जाडपणा, सारखं दिसलं पाहिजे.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, देवनागरीत वाढवू नका. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं लांब लांब ठेवून ऐटीत लावतात ना, तेच इथे केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द पडक्या कुंपणासारखा दिसतो. जोर द्यायचा असेल तर वजन वाढवा, नाहीतर रंग बदला. आणि फॉन्टमध्ये बोल्ड नसेल तर सॉफ्टवेअरला खोटा बोल्ड करायला लावू नका, तो सगळ्या बाजूंनी रेघ फुगवतो आणि आधी अक्षराचं पोट भरतं. खोटं इटॅलिकही नको.

पायरी ७: मराठी-इंग्रजी जोडी

सगळ्यात सोपा मार्ग, ज्या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या एकत्र घडवल्यात तोच घ्या. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, एक्झार, सगळ्यांत इंग्रजी आहे आणि ती देवनागरीला धरून बनवलेली आहे. वेगळी जोडी जमवायचीच असेल तर हत्यार जुळवा: बोरूच्या ढिगाबरोबर पेनाच्या वळणाचा सेरिफ, एकसारख्या रेघेबरोबर सान्स. मग रेघेची जाडी जुळवा. नावाच्या शेवटी दोन्हीकडे सेरिफ लिहिलंय म्हणून ती जोडी जमेल असं नाही, पत्रिका जुळली तरी माणसं जुळावी लागतात तसंच हे.

आणि दोन देवनागरी फॉन्ट एकत्र वापरताना ते वेगवेगळ्या ढिगांतले घ्या. मुक्ता आणि हिंद शेजारी शेजारी लावले तर बघणाऱ्याला वाटतं की चुकून झालंय.

पायरी ८: सॉफ्टवेअर, आणि माझी फजिती

फॉन्ट चांगला असूनही "क्लिनिक" ची वेलांटी भलतीकडे गेली, जोडाक्षरं फुटली, तर आधी सॉफ्टवेअरची सेटिंग बघा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडायला लागतं, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर, आणि इलस्ट्रेटरमध्ये इंडिक पर्याय चालू करावे लागतात. निम्म्या वेळा फॉन्टला दिलेल्या शिव्या खरं तर या सेटिंगला द्यायच्या असतात.

जुना मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल तर तो बहुतेक श्रीलिपी किंवा तशाच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो, तो युनिकोड फॉन्टमध्ये टाकला की निव्वळ इंग्रजी खडखडाट दिसतो. तो आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग एकदा माणसाकडून वाचून घ्या, कारण कन्व्हर्टर ऱ्य आणि रफार हमखास कुठेतरी खातो.

आता फजिती. पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका दुकानाच्या काचेसाठी मी विनाइल कटिंगची फाइल दिली होती. मजकूर आउटलाइन केला, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून टाकले, स्क्रीनवर शिरोरेषा अखंड दिसत होती, फाइल पाठवून मोकळा झालो. पण देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या अक्षरावर थोडा चढलेला असतो. छापताना काही फरक पडत नाही, शाई शाईवर पडते. पण कटिंगचा प्लॉटर प्रत्येक आउटलाइनवरून सुरी फिरवतो! सगळी अक्षरं शिरोरेषेवर जिथे जिथे चढली होती तिथे तिथे बारीक बारीक चकत्यांमध्ये कापली गेली, काचेवर लावताना त्या चकत्या नखाला चिकटून येत होत्या, आणि लावणारा पोरगा माझ्याकडे असा बघत होता की विचारू नका. विनाइलचा तो सगळा तुकडा माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून आउटलाइन केली की सगळा शब्द निवडून कोरलमध्ये वेल्ड, नाहीतर इलस्ट्रेटरमध्ये युनाइट (म्हणजे सगळे तुकडे जोडून एकच आकार), आणि मगच फाइल बाहेर. अक्षराला बाहेरून बॉर्डर द्यायची असेल किंवा रंग थोडा पारदर्शक ठेवायचा असेल तरी हेच करावं लागतं, नाहीतर ते चढलेले तुकडे उघडे पडतात.

पायरी ९: लायसन्स

गूगल फॉन्ट्सवरचे वर उल्लेखलेले फॉन्ट खुल्या लायसन्सचे आहेत, व्यावसायिक कामाला वापरता येतात, छापता येतात. बाकी कुठून तरी उतरवलेला फॉन्ट असेल तर त्याच्याबरोबरची लायसन्सची फाइल उघडून वाचा, "वैयक्तिक वापरासाठी मोफत" म्हणजे विकायच्या पुडीसाठी मोफत नाही.

पायरी १०: खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर

स्क्रीनवर चारशे टक्के झूम करून सगळंच सुंदर दिसतं. लेबल खऱ्या मापात प्रिंट काढा, कापा, पुडीवर चिकटवा, स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवा आणि दारातून बघा. पाऊचच्या प्लॅस्टिकवर शाई कागदापेक्षा वेगळी बसते, थोडी पसरते, म्हणून बारीक मजकूर रेग्युलरऐवजी मीडियम वजनात ठेवा. लाल पट्ट्यावर पांढरी अक्षरं असतील तर आणखी एक पायरी वर जा, कारण आजूबाजूचा लाल आत घुसतो आणि पहिला बळी अनुस्वाराचा जातो. "कांदा" चा "कादा" व्हायला एक ठिपका पुरतो. देवनागरी सहा पॉइंटच्या खाली मी नेत नाही. सक्तीच्या मजकुराची अक्षरं किमान किती उंचीची हवीत याचे नियम आहेत, ते छापायच्या आधी तपासा, छापल्यावर नाही.

काकूंच्या लेबलचं असं झालं. पहिल्या फेरीत मी नाव बालूमध्ये केलं, गुबगुबीत, लाल, मला वाटलं प्रेमळ दिसेल. काकूंच्या मुलाने बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे चिप्सचं पाकीट वाटतंय." बरोबर होतं त्याचं. गोल टोकांच्या अक्षरात झणझणीतपणा कुठून येणार? दुसऱ्या फेरीत यात्रा वन लावून बघितला, तो छान दिसला पण रेल्वे स्टेशनची आठवण जाईना. मग बोरूच्या ढिगातला एक्झार काढला, त्याचं सगळ्यात जाड वजन घेतलं, कोपरे धारदार, रेघ रांगडी, मिरचीला शोभेल अशी. नाव आउटलाइन करून दोन्ही ल मला हवे तसे पाकळीचे हाताने काढले, आणि मुद्दाम एकाची पाकळी दुसऱ्यापेक्षा किंचित मोठी ठेवली. शब्द वेल्ड केला. घटक, पत्ता आणि इंग्रजी मजकूर सगळा मुक्ता मीडियममध्ये, वजन-किंमतीचे आकडे इंग्रजी अंकांत. छोट्या ओळीलाही मुक्ताच, फक्त रंग वेगळा. दोन फॉन्ट, बास.

प्रूफ घेऊन गेलो तेव्हा काकू चुलीपाशी मिरच्या भाजत होत्या, दोघांनाही ठसका लागत होता. त्यांनी पदराला हात पुसून लेबल उजेडात धरलं, लांब केलं, जवळ आणलं. मी आपला दोन ल कडे बोट दाखवून काहीतरी सांगायच्या तयारीत होतो. त्यांनी बारीक मजकूर चष्म्याशिवाय वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "खोबरं दोनदा लिहिलंयस की रे."

दोनदा होतं खरं.